थांबा हं, मी आहे

माझी मावशी जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकताना बऱ्याच जणांची गल्लत होते. ती जिवंत आहे, ठणठणीत आहे, जिभेने तिखट आहे आणि माझ्या चुका काढायला सदैव तयार असते. तरीही तुम्ही एखाद्या कंपनीत फोन लावलात आणि पलीकडून एका बाईने मऊ, संथ आवाजात "नमस्कार, आपला फोन जोडून देत आहोत" असं म्हटलं, मग थोडं संगीत वाजलं आणि त्या संगीतातून मध्येच तीच बाई "थांबा हं, मी आहे" म्हणाली, तर ती माझी मावशी. फक्त ती तिथे नसते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आजोबांना सांभाळलं आणि आयुष्यभर एकाच कंपनीच्या मुख्य कचेरीत फोनच्या बोर्डावर बसली. जिन्याखालची खोली. खिडकी नाही, एक पंखा, पाय ठेवायला लाकडी पाट आणि समोर तो बोर्ड. बाहेरून येणारा प्रत्येक फोन आधी तिच्या कानात यायचा, मग वरच्या मजल्यांवर जायचा. मोठे साहेब आले, गेले, त्यांच्या खुर्च्या बदलल्या, खोल्यांना काचा लागल्या. जिन्याखाली कोणी काच लावली नाही, कारण तिथे कोण बसतं हे पाहायला कोणी वाकून आलंच नाही.

पण तिला सगळे ठाऊक होते. आवाज एकदा ऐकला की तो तिच्या डोक्यात कायमचा घर करायचा. "हॅलो" मधला "हॅ" कानावर पडला की ही पुढचं नाव सांगून मोकळी. माणसांना तिने आवाजावरून नावं ठेवली होती आणि घरी आम्हाला ती त्या नावांनीच माहीत होती. खोकरे साहेब, म्हणजे बोलण्याआधी घसा साफ करणारे, पंपांच्या कंपनीचे. आधी हसणाऱ्या बाई, रंगाच्या कारखान्याच्या. एक होते घाईवाले, ते नमस्कारही अर्धाच करायचे. गंमत म्हणजे यातला एकही माणूस रस्त्यात समोर आला असता तरी मावशीने ओळखला नसता. चेहरे तिच्या लक्षात राहत नाहीत. मलाही ती गर्दीत ओळखत नाही, मी हाक मारली की ओळखते.

"थांबा हं, मी आहे" हे तिचं स्वतःचं. कंपनीच्या नियमात फक्त "कृपया थांबा" होतं. एकदा लहानपणी मी तिला विचारलं होतं, की तू सारखी सारखी परत जाऊन त्या लोकांना काय सांगतेस. ती म्हणाली, "माणूस थांबायला तयार असतो गं. आपल्याला विसरले नाहीत, एवढं त्याला कळलं पाहिजे."

आणि रोज जेवणाच्या सुट्टीत एक फोन तिच्यासाठी यायचा. आजोबांचा. घरच्या फोनवर मोठी बटणं होती, त्यातल्या पहिल्या बटणावर मावशीने आपल्या कचेरीचा नंबर बसवून दिला होता. आजोबा ते बटण दाबायचे आणि विचारायचे, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले बाबा. तुम्ही?" ते म्हणायचे, "हो." संपला फोन. एवढ्यासाठी फोन कशाला करायचा, असं माझी आई म्हणायची. आईला सगळ्यातच काटकसर.

मग कंपनीने यंत्र आणलं. यंत्राला आवाज हवा होता आणि आवाज तर जिन्याखालीच बसलेला. एका दुपारी मावशी इस्त्रीचे कपडे घालून रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. भिंतींना जाड कापड लावलेलं, आत उभं राहिलं की आपलाच श्वास ऐकू येतो म्हणाली. यंत्रवाल्या माणसाने तिच्याकडून नमस्कार म्हणवून घेतला, आकडे म्हणवून घेतले, दिलगिरी म्हणवून घेतली. शेवटी विचारलं, तुमचं काही आहे का? तिने आपलं वाक्य म्हणून दाखवलं. त्याला ते फार आवडलं. जाताना तिला फुलांचा गुच्छ मिळाला. तो गुच्छ वाळायच्या आत जिन्याखालची खोली बंद झाली.

आवाज ठेवून घेतला आणि बाईला घरी पाठवलं. हे वाक्य मी रागाने म्हणते आहे आणि ते मी मऊ करणार नाही. मावशी मात्र रागावली नाही. ती गप्प झाली. दिवसभर बोलणारी बाई गप्प झाली की घराला काय होतं ते आम्ही पाहिलं. स्वयंपाकघरात भांडं पडलं तरी आम्हाला बरं वाटायचं.

घरखर्च कसाबसा निघाला असता, तो खरा प्रश्न नव्हता. ती मला एकदाच म्हणाली, भाजी निवडता निवडता, खाली मान घालून, "मला कुठेतरी बसायचंय. कोणीतरी हॅलो म्हणावं आणि मी उत्तर द्यावं. बाकी काही नको." मी त्याच क्षणी कंबर कसली.

माझं कामच माणसं नेमण्याचं आहे. एका छोट्या फर्ममध्ये मी नोकरभरती पाहते आणि नेटवर्किंग या विषयावर नव्या लोकांना भाषण देते. नोकऱ्या जाहिरातीतून मिळत नाहीत, ओळखीतून मिळतात, हे माझं ठरलेलं पालुपद. ते मी मावशीलाही ऐकवलं.

"ओळख काढून काम मागायचं?" ती म्हणाली. "म्हणजे दारोदार हिंडायचं."

"मागायचं नाही. फक्त बोलायचं. मी इथे आहे, मला हे येतं, एवढं कळवायचं. तुझ्याइतक्या ओळखी या शहरात कोणाच्या आहेत सांग. अख्खा बाजार तुझ्या कानातून गेलाय."

"ते मला ओळखतात?"

"तुझा आवाज ओळखतात."

तिला हे पटलं. मला अजून आठवतं, तिने वेणी घातली, खुर्ची फोनशी ओढली, पायाखाली घरातला पाट घेतला. आधी हसणाऱ्या बाईंचा नंबर तिला पाठच होता. मी शेजारी बसले. तिने नंबर लावला, घसा साफ केला, पाठ ताठ केली. आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

"नमस्कार," मावशी म्हणाली. माझ्या समोर बसलेली मावशी नव्हे, कानातली. "आपला फोन जोडून देत आहोत."

मी हसले. खरं सांगते, हसले. म्हटलं, त्या यंत्रवाल्याने तुझा आवाज त्यांनाही विकलेला दिसतोय, डांबिस मेला. आपण दुसरीकडे लावू. घाईवाल्यांकडे लावला. तिथेही तीच. तिसरीकडे लावला, तिथे एक माणूस बोलला आणि आमचा जीव भांड्यात पडला, तोवर तो म्हणाला, "जोडतो," आणि संगीत सुरू झालं, आणि संगीतातून मावशी म्हणाली, "थांबा हं, मी आहे."

समोरच्या मावशीने फोन ठेवला. हळूच ठेवला, पलीकडचीला लागणार नाही अशा बेताने. मग म्हणाली, "किती छान बोलते गं ती. एकदाही अडखळत नाही." मी उठून चहा ठेवला, कारण अशा वेळी मला दुसरं काही सुचत नाही.

त्याच आठवड्यात आणखी एक घडलं. मी दुपारी मावशी-आजोबांकडे होते. मावशी आजोबांचं ताट वाढून बाहेरच्या खोलीत घेऊन आली. आजोबा फोनजवळ बसले होते, रिसीव्हर कानाला. आजोबांना तेव्हा थोडं कमी ऐकू यायचं आणि बरंच कमी आठवायचं. मावशीची नोकरी गेली हे त्यांना आम्ही अनेकदा सांगितलं होतं, ते "बरं" म्हणायचे आणि विसरायचे. त्यांनी पहिलं बटण दाबलेलं होतं.

"जेवलीस का?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

मावशी ताट घेऊन उभी. "बाबा," ती म्हणाली, "मी इथे आहे."

आजोबांनी तिच्याकडे न बघता हात वर केला. "जरा गप्प बस," ते म्हणाले. "मुलगी फोनवर आहे."

ते बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा इतका शांत होता की तो फोन ओढून घ्यायचं धाडस आमच्यापैकी कोणाला झालं नाही. शेवटी त्यांनी फोन ठेवला, ताटाकडे वळले आणि मला म्हणाले, "धाकटी कामात आहे. पण थांबा म्हणाली." मावशी स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. मी आत डोकावले तर ती ओट्याला टेकून उभी होती, रडत वगैरे नव्हती. ती म्हणाली, "रोज करत असतील. मी नाही असं त्यांना कधी जाणवलंच नाही. कारण मी तिथे आहेच."

"बटणावरचा नंबर काढून टाकू या," मी म्हटलं.

"आणि तिथे कोणाला बसवू?" मावशीने विचारलं.

त्यानंतर तिने फोनला हात लावला नाही. मग राहिली एकच वाट, माणसांना समोर जाऊन भेटायची. आमच्या क्षेत्रात अधूनमधून मेळावे भरतात. मोठा हॉल, उंच टेबलं, कागदी कपात कॉफी, काम देणारे आणि काम शोधणारे छातीवर नावाची चिठ्ठी लावून एकमेकांशी गोड बोलत फिरतात. मी मावशीला तिथे घेऊन गेले. वाटेत धडे दिले. नजरेला नजर द्यायची, हात पुढे करायचा, आपलं कार्ड द्यायचं. कार्डं मी छापून आणली होती. तिने मान डोलावली.

आत गेल्यावर मी दोघातिघांशी बोलून वळून पाहिलं तर मावशी एका खांबाशी उभी होती. सगळ्यांकडे पाठ करून. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेटवर्किंगवर भाषण देणाऱ्या बाईची मावशी भिंतीशी तोंड करून उभी. मी धावत गेले.

"मावशी, वळ ना. लोक बघतायत."

"बघू देत. मला ऐकू दे." तिने डोळे उघडले नाहीत. "चेहरे बघितले की माझा गोंधळ होतो. ते बघ, त्या खिडकीपाशी घाईवाले आहेत. आवाज बसलाय त्यांचा. आणि हसणाऱ्या बाई आता आधी हसत नाहीत, त्यांचं काहीतरी बिनसलंय. थांब." तिने बोट वर केलं. "खोकरे साहेब."

माझ्यामागे कोणीतरी घसा साफ केला होता. एक उंच, वाकलेले गृहस्थ कोणाशी तरी पंपांबद्दल बोलत होते. मावशी वळली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. ना हात पुढे केला ना कार्ड काढलं. म्हणाली, "नमस्कार साहेब. घसा अजून बरा नाही वाटतं?"

खोकरे साहेबांच्या हातातला कप हलला आणि कॉफी त्यांच्या बाहीवर सांडली. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, जणू आवाज मागून कुठून तरी आला असावा.

"तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही... माणूस आहात?"

"अजून तरी," मावशी म्हणाली.

"नाही, म्हणजे माफ करा. तुम्ही आमच्याकडे रोज असता हो. आम्ही ते यंत्र घेतल्यापासून. आमच्या कचेरीत सगळे समजतात, की ही बाई..." ते थांबले. "ही बाई आता नसणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. इतक्या शांतपणे बोलणारं माणूस असतं कुठे?"

त्यांनी मोठ्याने बोलून आणखी चारजणांना बोलावलं. मग आणखी आले. त्या सगळ्यांच्या कचेऱ्यांत मावशी होती. कोणी म्हणालं, एकदा ते म्हणा ना. मावशीने विचारलं, काय? ते "थांबा हं". तिने म्हटलं. लोक हसले, एक बाई दचकून दोन पावलं मागे गेली, एकाने मोबाइल पुढे केला आणि पुन्हा म्हणायला लावलं. मावशीच्या हातात कार्डांचा गठ्ठा जमला. माझ्या सगळ्या भाषणांत मी जे सांगते ते सगळं तिथे झालं होतं, एका संध्याकाळी अख्खा हॉल तिला ओळखत होता. आणि काम? काम विचारलं की सगळे एकच सांगायचे, जरा ओशाळून. आवाज तर आमच्याकडे आहेच की.

परतताना ती बसमध्ये खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "त्यांना मी कशाला हवी? माझ्यातलं जे घेण्यासारखं होतं ते घेऊन झालंय." मी तिची पिशवी माझ्या मांडीवर घेतली.

पण खोकरे साहेबांचा फोन आला. खुद्द त्यांचा, कोणामार्फत नव्हे. त्यांच्याकडे पंप बिघडले की गिऱ्हाइकं फोन करतात, घरात पाणी नसतं, डोकं तापलेलं असतं आणि यंत्र त्यांना आकडे दाबायला सांगतं. माणसं वैतागून दुसऱ्या कंपनीचा पंप घेत होती. तक्रारींच्या फोनवर जिवंत बाई बसवून बघायचं साहेबांच्या मनात होतं. "तुम्ही याल का?" त्यांनी विचारलं. "मला वाटतं, यायला तुम्हीच हव्यात. पण आमच्या विभागाच्या बाईंना हे पटलेलं नाही. आठवडाभर बघू म्हणतात, नाहीतर पुन्हा यंत्र."

मावशीने होकार दिला आणि रिसीव्हर ठेवल्यावर कितीतरी वेळ त्यावर हात ठेवून बसली. तिला खुर्ची मिळाली होती. या खोलीला खिडकीही होती.

पहिल्या दिवशी मला वाटलं ती संध्याकाळी उड्या मारत येईल. ती आली ती चपला न काढता पलंगावर बसली.

"कोणी बोलतच नाही," ती म्हणाली.

झालं होतं असं. फोन वाजला, मावशी म्हणाली, "नमस्कार, बोला," आणि पलीकडच्या माणसाने आकडा दाबला. तिच्या कानात नुसतं टुं वाजलं. दुसऱ्याने आकडा दाबला नाही, तो थांबला. ती बोला बोला म्हणत राहिली आणि तो संगीत सुरू व्हायची वाट बघत राहिला. तिसरा कोणाला तरी सांगत होता, तीच बाई लागलीय रे, आता बसवणार ताटकळत. मावशी म्हणाली, "अहो, मी खरी बोलतेय." तर तो म्हणाला, "बघ, आता हे असंही बोलायला लागलं," आणि फोन टेबलावर ठेवून निघून गेला. मावशीला त्याच्या घरातली मुलं ऐकू येत होती, खुर्ची सरकवल्याचं ऐकू येत होतं. ती हॅलो हॅलो म्हणत होती आणि त्या घरात कोणी तिच्याकडे वळून बघत नव्हतं.

दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिने आवाज बदलून पाहिला, तर विभागाच्या बाई म्हणाल्या, सर्दी झाली असेल तर घरी जा. त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी फक्त सांगितलं, की आठवडा संपत आलाय.

त्या संध्याकाळी मावशी मला जे बोलली ते मी विसरू शकत नाही. "मी बोलायला तोंड उघडते ना," ती म्हणाली, "तेव्हा मला आधी ती ऐकू येते. मग मी. आणि ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते. मी दमते, ती दमत नाही. मी चुकते. मग मला सांग, आमच्या दोघींतली नक्कल कोण?"

"काहीतरीच बोलू नकोस," मी म्हटलं. मला भीती वाटली होती आणि भीती वाटली की मी दटावते.

आम्ही जेवायला बसलो. मावशी, मी, आजोबा. मावशीने दुसऱ्यांदा भात घेतला होता. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

मला हसू आलं. घास तोंडात असलेल्या माणसाला जेवलीस का विचारायचं. पण मावशीने घास थांबवला. ती आजोबांकडे बघत राहिली. मग अगदी सावकाश म्हणाली, "हे ती कधीच विचारत नाही."

"कोण?" आजोबांनी विचारलं.

"कोणी नाही बाबा. जेवतेय मी. तुम्ही जेवा."

पुढचं मला खोकरे साहेबांनी सांगितलं, दरवेळी नव्याने मीठमसाला लावून सांगतात. दुसऱ्या दिवशीचा पहिला फोन. विभागाच्या बाई मागे उभ्या. मावशीने फोन उचलला आणि म्हणाली, "नमस्कार. जेवलात का?"

पलीकडे शांतता. टुं नाही, काही नाही. मग एक गोंधळलेला पुरुषी आवाज आला, "अं? नाही हो अजून. पाणीच नाही घरात, स्वयंपाक कशाने करणार?"

"पंप सुरू होतोय का? आवाज येतो का त्याचा? जरा फोन त्याच्याजवळ धरता?" मावशी म्हणाली, आणि बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि शेजारी बसल्या.

तेव्हापासून पंपांच्या कंपनीत फोन केला की आधी जेवणाची चौकशी होते. सकाळी चहाची. काहीजण चिडतात, जेवणाचं काय घेऊन बसलात बाई म्हणतात, पण चिडतात ते माणसावर चिडतात आणि मावशीला तेवढं पुरतं. आठवडा संपला आणि खुर्ची तिचीच राहिली. हसणाऱ्या बाई एकदा नुसत्या तिच्याशी बोलायला म्हणून फोन करून गेल्या. मी माझ्या भाषणात आता हा किस्सा सांगते. अर्थात पुढचा भाग सांगत नाही. तो इथेच सांगते आहे.

मावशीला एकच राहिलं होतं. तिला दुपारचा फोन हवा होता. जुन्या कंपनीत आजोबा रोज फोन करत होते, तिथल्या त्या दुसरीला जेवलीस का विचारत होते आणि इथे मावशी डबा उघडून बसत होती आणि तिला विचारणारं कोणी नव्हतं. "आता बटण बदल," ती मला म्हणाली. "आता तिथे मी आहे. खरी." तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेला आनंद होता, लहान मुलीसारखा.

मी अर्धी रजा टाकून गेले. आजोबा आत तोंड धूत होते तोवर पहिल्या बटणावर नवा नंबर बसवला. त्यांचं जेवण झालं. ते येऊन खुर्चीत बसले, रिसीव्हर उचलला, बटण दाबलं. मी दाराशी उभी राहिले. आवाज मोठा ठेवलेला असतो त्यांच्यासाठी, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. पलीकडे लगेच उचललं गेलं. ती वाटच बघत होती.

"जेवलीस का?" आजोबा म्हणाले.

"जेवते आहे बाबा," मावशी म्हणाली. तिचा आवाज थोडा कापत होता. "आत्ताच डबा उघडला. तुम्ही जेवलात का?"

आजोबांनी रिसीव्हर कानापासून दूर धरला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला. "कोण बोलतंय?"

"मी, बाबा. धाकटी."

आजोबा माझ्याकडे वळले. "चुकीचा लागलाय," ते म्हणाले. "ही कोणीतरी वेगळीच आहे. मधेमधे बोलते."

"आजोबा, मावशीच आहे ती. बोला ना तिच्याशी."

"आमची अशी बोलत नाही." ते आता अस्वस्थ झाले होते. मोकळ्या हाताने ते बटण चाचपत होते. मग त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि फार अदबीने, परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाले, "अहो बाई, जरा आमच्या मुलीला जोडून द्या. ती तिथेच बसते. ती वाट बघत असेल."

मी पुढे होऊन फोन घेणार होते. मला मावशीला सांगायचं होतं, की ठेव, मी परत जुना नंबर बसवते, तू जेव.

तेवढ्यात ती बोलली. मऊ, संथ, एकदाही न अडखळता.

"नमस्कार. आपला फोन जोडून देत आहोत."

आजोबांचा हात थांबला. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली. पलीकडे संगीत नव्हतं, ते कुठून असणार, म्हणून मावशीने ते गुणगुणायला सुरुवात केली. ते यंत्रातलं, चार सुरांचं. तिच्या खोलीतले लोक तिच्याकडे बघत असतील. ती गुणगुणत राहिली.

"लागला," आजोबा मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर तीच शांती परत आली होती. ते फोनमध्ये वाकले. "जेवलीस का गं?"

मावशीने उत्तर दिलं नाही. तिला देता येत नव्हतं. उत्तर दिलं असतं तर ती पुन्हा परकी झाली असती. एक सूर जरासा चुकला, मग सावरला.

"थांबा हं," ती म्हणाली. "मी आहे."